पाटावर नाही, फळीवर: चीज बोर्डच्या नोंदी

22 नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, डिचोलीच्या आमच्या घरी चौदा माणसं जमणार आहेत. ह्यांचे मामेभाऊ बऱ्याच वर्षांनी लिस्बनहून येतायत. सोबत त्यांची पोर्तुगीज बायको. पुण्याची नणंद, तिचा गोतावळा, शेजारचे दोघं आणि आम्ही घरचे. भावोजी फोनवर म्हणाले, "वैनी, जेवण तुझ्या हातचंच. पण त्याआधी थोडं चीज मांडून ठेव, हिला बरं वाटेल." मी हो म्हटलं. चीज म्हणजे तोवर मला सँडविचमधली पिवळी चौकोनी चकती तेवढी ठाऊक होती. पुढे कुणी आपल्याकडच्या हवेत हा उद्योग करणार असेल तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून हे लिहून ठेवते आहे.

1 नोव्हेंबर, शनिवार

सुरुवातच चुकली. चीज मांडायला लाकडाचं काहीतरी हवं म्हणून माळ्यावरचा फणसाचा जुना पाट काढला. घासला की झाला बोर्ड, असा हिशेब. 80 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसले, अर्धा पाट घासून झाला तेवढ्यात आई (सासूबाई) बाहेर आल्या.

"गो, फाल्यां तुळशीचें लगीन, आनी तूं पाट सोलता?"

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, पाटावर माणसं बसतात, त्याच्यावर खायचं मांडत नाहीत. त्या स्वतः नवरी म्हणून ह्याच पाटावर बसल्या होत्या, हेही आजच कळलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धा गोरा, अर्धा काळा असा तो पाट उद्या वृंदावनासमोर मांडला जाणार आणि येणारा प्रत्येकजण विचारणार.

गेलेला वेळ दीड तास. पॉलिश पेपर 80 रुपये.

4 नोव्हेंबर, मंगळवार

सुताराकडे दाराच्या कामातून उरलेली फणसाची फळी मिळाली. 18 इंच बाय 12 इंच, जाडी एक इंच, 350 रुपये. आणखी 60 रुपयांचे 120 आणि 220 नंबरचे कागद. कडा गोल केल्या. धुतली तर पाणी हळदीसारखं पिवळं. फणसाच्या लाकडाचा हा रंग पक्का, बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला तो वापरत आले आहेत. पांढऱ्या चीजखाली नको म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत तीनदा धुतली.

मग घाण्यावरचं खोबरेल चोळलं. दिसायला इतकी सुंदर झाली की फोटो काढला. फोटोला वास नसतो.

8 नोव्हेंबर, शनिवार: पहिली तालीम

पणजीहून आणलं: ब्री (पांढऱ्या सालीचं, आतून मऊ चीज) 125 ग्रॅमच्या दोन चकत्या 850 रुपये, गौडा 200 ग्रॅम 330, पार्मेझानचा 100 ग्रॅमचा तुकडा 520, क्रॅकर बिस्किटांचे दोन पुडे 180. एकूण 1,880. शेजारच्या वहिनी आणि त्यांचे यजमान यांना सहाला बोलावलं.

चीज फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढावं, असं जिथे तिथे सांगितलेलं असतं. मी पाचला काढलं. सहाला ब्रीच्या सालीला एका बाजूने चीर पडून आतला भाग फळीवर पसरत होता, फुटलेल्या पुरणपोळीसारखा. गौड्याला घाम आणि तेल दोन्ही सुटलेलं. घड्याळातल्या तापमापकावर खोलीचं तापमान 29. ज्यांनी तो एक तास सांगितला त्यांची खोली 18-20 अंशांची असणार, हे तेव्हा डोक्यात आलं. थंडीत दुधातलं फॅट घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे वास उडत नाही आणि चव मुकी राहते, म्हणून बाहेर काढायचं. कारण बरोबर आहे. घड्याळ त्यांचं आहे.

दुसरं, बिस्किटं. चाळीस मिनिटांत सादळली. मोडताना आवाजच नाही.

तिसरं, मधाची वाटी. तिच्याभोवती काळ्या मुंग्यांची रांग थेट खिडकीपर्यंत.

चौथं जे घडलं ते मला सर्वांत जास्त लागलं. कुणी हातच लावला नाही. ब्रीची अख्खी चकती, गौड्याचा अख्खा तुकडा, बाजूला सुरी. वहिनी म्हणाल्या, "किती छान दिसतंय!" आणि हात मांडीवर. आपल्यात दुसऱ्याच्या घरी न मोडलेल्या वस्तूला पहिला हात कोण घालणार? लग्नात केक कापल्याशिवाय कुणी त्याला शिवतं का? पंधरा मिनिटं सगळे पाहत होते आणि ब्री वाहत होती. शेवटी मीच एक तुकडा कापला, तेव्हा चार हात पुढे आले.

शेवटी वहिनींनी हळूच विचारलं, "ह्याला खोबऱ्याचा वास असतो का हो?" ब्रीला नसतो. माझ्या फळीला होता.

9 नोव्हेंबर, रविवार

फळी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून अंगणात उन्हात टाकली. दुपारी पाहते तर होडीसारखी वाकलेली. उन्हाची बाजू सुकून आक्रसली होती. खोलगट बाजू ओल्या फडक्यावर पालथी घातली, वर जात्याची तळी ठेवली. रात्रभरात बरीचशी सरळ झाली, पण टेबलावर अजून किंचित डुगडुगते. खाली एका कोपऱ्याला कागदाची घडी.

तेल बदललं. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात तेच. वास नाही, खवट होत नाही. 95 रुपये. दुकानदाराने काळजीने विचारलं, किती दिवस त्रास आहे. फळीला आहे, असं सांगता आलं नाही.

संध्याकाळी उरलेल्या ब्रीवर प्रयोग. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घेतला, 399 रुपये. ब्रीच्या पोटात सुई खुपसून दर पाच मिनिटांनी लिहीत बसले. फ्रीजमधून काढली तेव्हा 6 अंश. 25 मिनिटांनी 17, आतून मऊ, कापल्यावर किंचित फुगते पण वाहत नाही. 40 मिनिटांनी 22, कडा ढासळायला लागल्या. म्हणजे आमच्या घरात ब्रीला 20 ते 25 मिनिटं. गौड्यासारख्या घट्ट चीजला त्याहून पाच-दहा मिनिटं जास्त दिलेली चालतात, पण पाऊण तासानंतर तेही घामेजतं.

फ्रीजमधून काढल्यावर त्यावर दव धरतं, ते निराळं. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर धरतं तेच. ते पाणी खाली उतरलं की बिस्किटं संपली. उपाय साधा: काढल्यावर कागद लगेच सोडायचा नाही. कागदासकट पंधरा मिनिटं ठेवायचं, दव कागदावर धरतं, मग सोडायचं. क्लिंग फिल्मपेक्षा बटर पेपर बरा. त्यात चीज घुसमटत नाही.

पंखा लावून पाहिला. वरची बाजू वाळून तडकली. पंखा बंद केला तर माणसं वाळतील. पंखा एकवर, फळी त्याच्या सरळ खाली नाही, भिंतीकडे.

11 नोव्हेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट कळली ती खरेदीआधी कळायला हवी होती. आई शिवराक, म्हणजे शाकाहारी. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी नुस्तं (मासे) सोडलं. चीज दुधाचं, मग त्यांना चालेलच, असं मी धरून चालले होते. पार्मेझानच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली: ॲनिमल रेनेट.

दूध विरजण्यासाठी रेनेट लागतं. जुन्या पद्धतीत ते वासराच्या पोटातून काढतात. इटलीचं खरं पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या रेनेटनेच करायचं असा त्यांचा नियम आहे. भारतात तयार होणारं बहुतेक चीज मायक्रोबियल रेनेटचं, बुरशीपासून काढलेलं, आणि पुड्यावर हिरवा ठिपका असतो. बाहेरून आलेलं घेताना रेनेटची ओळ वाचल्याशिवाय टोपलीत टाकू नका.

520 रुपयांचं पार्मेझान वेगळ्या डब्यात गेलं. पुढे मुलाने ते आठ दिवसांत पास्त्यावर किसून संपवलं, तो खूश.

आईंना सगळं सांगितलं. लपवून खाऊ घालणं मला जमलं नसतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या दुसऱ्यांत नाही ना वासरू? मग ठेव." रात्री हेच भावोजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, पोर्तुगालमधलं सेर्रा द इश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचं चीज एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात, वासरू लागतच नाही. वरची साल झाकणासारखी कापायची आणि आतलं चमच्याने खायचं. इथे मिळणारं नव्हे, पण आईंना ऐकून बरं वाटलं. "फुलांनी दूध विरजतं?" हे त्यांनी मग तिघांना सांगितलं.

त्याच फोनवर दुसरी माहिती: नणंदेची सून सहावा महिना. गरोदरपणात ब्री, तिच्यासारखंच मऊ कॅमेंबर आणि निळं (आत बुरशीच्या रेषा असलेलं) चीज टाळायला सांगतात, लिस्टेरिया नावाच्या जिवाणूमुळे. तिच्यासाठी गौडा आणि चेडर वेगळ्या बशीत, वेगळ्या सुरीने. लक्षात ठेवणे.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. बोर्डवर चीजच्या बाजूला काय ठेवायचं हे ठरवायला गेले आणि दोन तास रमले.

बाहेरच्या फोटोंत द्राक्षं, अंजीर, अक्रोड असतं. द्राक्षांचा हंगाम नाही, आणलेली महाग आणि आंबट. मग मनात म्हटलं, ते त्यांच्याकडे पिकतं ते ठेवतात, आपण आपल्याकडचं ठेवू. घेतलं: सालीसकट भाजलेले काजू पाव किलो 320 रुपये, माडाच्या गुळाची एक ढेप 180, मिंडोळी केळी 80, आणि पेरू 2 किलो 240. करमलं (कापल्यावर चांदणीसारखी दिसणारी आंबट फळं) शेजारच्या झाडाची, फुकट.

एक मावशी मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, विकत होती. आईंच्या हातचं घरी आहे, म्हणून घेतलं नाही. घरी ते ब्रीबरोबर खाऊन पाहिलं. हिंग-मोहरीपुढे ब्री गायब. तेच गौड्याबरोबर मात्र झकास. विलायतेत चेडरबरोबर लोणचं खातातच, त्यामुळे हा काही माझा शोध नाही.

मिंडोळी केळी नंतर बाद केली. कापल्यावर दहा मिनिटांत काळी, आणि चीज व केळं दोन्ही मऊ, दातांना काम नाही.

15 आणि 16 नोव्हेंबर: पेराद

ह्यावर दोन दिवस गेले आणि गेलेले चांगले.

पेर म्हणजे कोकणीत पेरू, त्याची आटवून केलेली वडी म्हणजे पेराद. नाताळच्या कुस्वारात, म्हणजे फराळात, असतेच. इंग्रजीत तिला ग्वावा चीज म्हणतात, त्यात चीजचा कणही नाही. गंमत अशी की पोर्तुगालमध्ये चीजबरोबर मार्मेलाडा खातात, म्हणजे मार्मेलो नावाच्या फळाची अशीच वडी. ब्राझीलमध्ये तर पेरूचीच वडी आणि चीज ही ठरलेली जोडी. म्हणजे आमच्या पेरादीचं सोयरं बोर्डवर आधीच बसलेलं होतं, मी उगाच अंजीर शोधत फिरत होते.

2 किलो पेरू उकडून चाळणीतून काढले. बिया गेल्यावर 1,350 ग्रॅम गर. तेवढीच साखर घ्यावी म्हणतात. मी 1 किलो घेतली. चीज खारट असतं, त्याच्याबरोबर वडी गोड चालते, पण माझ्या जिभेला फार गोड नको. घरातली साखर अर्धी होती, बाकी 60 रुपयांची आणली. दोन लिंबांचा रस, एक चमचा तूप.

शनिवारी सव्वा तास ढवळलं, हात दुखला, आणि कढईच्या कडेपासून सुटायला लागलं असं वाटून ताटात ओतलं. रविवारी सकाळी ताट तिरकं केलं तर सगळं एका बाजूला आलं. जॅम. सुटायला लागलं आणि सुटलं यांत वीस मिनिटांचं अंतर आहे. परत कढईत घालून पंचवीस मिनिटं. त्याचे शिंतोडे उडतात ते साखरेच्या पाकासारखे चिकटून भाजतात, मनगटावर दोन फोड आले. लांब दांड्याचा डाव वापरा, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घाला. चमच्यावर घेऊन थंड केलेली गोळी बोटाला न चिकटता वळली तेव्हा ओतलं. लाल रंग घातला नाही, विटकरी रंग आपोआप येतो.

गौड्याच्या पातळ कापावर पेरादीचा काप. ह्यांनी उभ्याउभ्या सात खाल्ले. त्या रात्री पेराद कुलुपात.

18 नोव्हेंबर, मंगळवार

आईंना नवं चीज आवडलंच नाही तर? म्हणून घरचं एक: 1 किलो दही (120 रुपये) फडक्यात बांधून रात्रभर टांगलं, चक्क्यात मीठ, बारीक लसूण, भाजून कुटलेली खोला मिरची घातली. खोल्याची ही मिरची दिसायला भडक, तिखटाला बेताची. काणकोणच्या डोंगरउतारावर पिकते, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे. छोटे गोळे वळले.

आणि मग खोबरेलने मला दुसऱ्यांदा फसवलं. गोळे तेलात बुडवून टिकतात म्हणून बरणीत खोबरेल ओतून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी बरणीत पांढरी मेणबत्ती, तिच्यात गोळे अडकलेले. खोबरेल 24-25 अंशांखाली गोठतं हे दर थंडीत केसांच्या तेलाच्या बाटलीत पाहते, तरी. बरणी उन्हात ठेवून गोळे सोडवले, दोन फुटले. पुन्हा तेलात नाही, केळीच्या पानात गुंडाळून डब्यात.

20 नोव्हेंबर, गुरुवार

खरेदी, पणजी. माणशी 60 ग्रॅम धरले, कारण पुढे जेवण आहे. जेवणाऐवजीच चीज असेल तर दुप्पट धरावं. 14 माणसं, 840 ग्रॅम. ब्री 250 ग्रॅम 850 रुपये, गौडा 200 ग्रॅम 330, मुरलेलं चेडर 200 ग्रॅम 480, निळं चीज 100 ग्रॅम 410. एकूण 2,070, वजन 750, बाकी चक्क्याचे गोळे भरून काढतील. चारांवर हिरवा ठिपका, चारांवर रेनेटची ओळ वाचली.

मऊ, अर्धवट घट्ट, घट्ट, निळं असे चार वेगवेगळ्या स्वभावाचे पुरे. दुकानदार बकरीच्या दुधाचं पाचवं घ्या म्हणत होता. सात-आठ प्रकार ठेवले की माणसं निवडण्यातच दमतात, आणि प्रत्येकाचा उरलेला तुकडा फ्रीजमध्ये मरतो.

परतताना चूक होता होता वाचली. आजपासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत गाड्या हलत नव्हत्या. एरवीचा पाऊण तासाचा रस्ता पावणेदोन तासांचा झाला. मी बर्फ न्यायला म्हणून घरातला मासळीचा थर्माकोलचा डबा गाडीत टाकला होता. झाकण उघडलं आणि परत लावलं. सुरमईच्या वासाची ब्री कुणाला द्यायची? वाटेत नवा डबा 250, बर्फ 40. चीज बर्फावर सरळ नाही, मध्ये फडक्याच्या दोन घड्या.

घरी निळ्या चीजचं वेष्टन आईंच्या समोर उघडलं. "हें कुसलां मगो!" मी म्हटलं, मुद्दाम कुसवलंय, आतल्या निळ्या रेषा बुरशीच्याच. त्यांनी नाकाला पदर लावला. त्याच्यासाठी वेगळा घट्ट डबा. नाहीतर फ्रीजमधल्या ताकालाही तो वास.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

बिस्किटांचा प्रश्न सुटला तो पहाटे साडेसहाला, पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंपूने. सायकलच्या टोपलीत कांकणं होती. बांगडीसारखा गोल, खडखडीत वाळवलेला पाव, लोक चहात बुडवून खातात. एक घेऊन दिवसभर ओट्यावर उघडं ठेवलं. संध्याकाळीही कडकन मोडलं. क्रॅकर चाळीस मिनिटांत माना टाकतं आणि हे दिवसभर उभं. उद्यासाठी चाळीस सांगितली, 240 रुपये. पोदेर म्हणाला, एवढी कांकणं कुणाच्या बारशाला? सोबत पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव, घेतल्या, त्या ब्रीला चांगल्या.

कांकण गोल असल्यामुळे त्यावर चीज बसत नाही. तुकडे करून ठेवायचे. आधी करून पाहिलं म्हणून कळलं.

कापण्याचा सरावही केला. ब्री सुरीला चिकटते, शिलाईच्या सुती दोऱ्याने कापली की खरवसाच्या वडीसारखी सुबक. केकसारखी कापायची, म्हणजे प्रत्येकाला मधलं मऊ आणि कडेची साल दोन्ही. चेडर आदोळीवर (विळीवर) कापून पाहिलं, आईंची सूचना. मुरलेलं होतं, भुगा झाला. चेडरचे काप नकोच, सुरीचं टोक खुपसून ढलपे काढायचे, तेच दिसायला छान.

22 नोव्हेंबर, शनिवार

साडेतीनला मुलीने पाट्या लिहिल्या. गौडा हे हॉलंडमधलं गाव, चेडर हे इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं, ब्री हा पॅरिसजवळचा मुलूख. नावाखाली गाव लिहिलं की लोक वाचत उभे राहतात आणि बोलायला विषय मिळतो.

चारला टेबलाच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. मध बाद, त्याच्या जागी माडाचा गूळ किसून.

चार पन्नासला वीज गेली. फ्रीज न उघडता तास-दीड तास काढता येतो, पण मला राहवलं नसतं, म्हणून चीज बर्फाच्या डब्यात हलवलं आणि डब्यावर मुलाला बसवलं. सहा दहाला वीज आली.

साडेसहाला पाहुणे यायचे होते. आधीची मी असते तर सहालाच काढून ठेवलं असतं. ह्यावेळी ठरवलं होतं, गाडी गल्लीत शिरल्याशिवाय डबा उघडायचा नाही. गाडी सात वीसला शिरली. त्या पन्नास मिनिटांत मी तीनदा डब्याकडे गेले आणि मुलाने तीनदा हाकललं.

चपला काढणं, पाया पडणं, पाणी, कोकम सरबत यांत वीस मिनिटं सहज जातात. तेवढ्यात कागदातलं चीज तयार. फळीवर फक्त अर्धं मांडलं, अर्धं आत. डावीकडून ब्री, गौडा, चेडर, उजव्या टोकाला निळं, म्हणजे सौम्याकडून उग्राकडे खाता येतं. प्रत्येकाला आपली सुरी, निळ्याची सुरी दुसऱ्याला लागली की संपलं. प्रत्येकाचे दोन तुकडे मी आधीच कापून, थोडे बाजूला सरकवून ठेवले, आणि एक कापलेला तुकडा माझ्या बशीत. मी खातेय हे दिसलं पाहिजे. दोन मिनिटांत फळीभोवती गर्दी.

भावोजींच्या बायकोने पेराद तोंडात घातली, डोळे मोठे केले, नवऱ्याला पोर्तुगीजमध्ये काहीतरी सांगितलं. भाषांतर आलं ते एवढंच, की हिची आजी असं करायची. भावोजींनी गौड्याची पाटी पाहून सांगितलं की डच लोक त्याचा उच्चार पहिलं अक्षर खाकरून खाउदा असा काहीसा करतात. मग पुढचा अर्धा तास सगळी पोरं खाकरत होती.

चुका आजही झाल्या. करमलांच्या चांदण्या दिसायला सुंदर, पण त्यांचं पाणी सुटून चेडरखाली गेलं. वेगळ्या वाटीत ठेवायला हव्या होत्या. नणंदेच्या सुनेची बशी तयार होती, पण ती कुणासाठी हे मी सांगितलं नव्हतं. मोठ्या जाऊबाईंनी ती चेडरची बशी आपली समजून संपवली. दुसरी करावी लागली. आणि पहिली मांडणी पस्तीस मिनिटांत संपली तेव्हा मी पाट्या आणि काजू तसेच ठेवून दुसरी फेरी आणली, पण फळी पुसली नाही. फळीवर गुळाचे, चीजचे डाग. कुणी काही बोललं नाही. मला दिसत होते.

निळं चीज कुणी घेईना. शेवटी मी एका कांकणाच्या तुकड्यावर चिमूटभर निळं, त्यावर माडाचा गूळ असं करून ताट फिरवलं. खारट, तिखटसर वासाचं ते चीज आणि धुरकट गोड गूळ. तीन मिनिटांत ताट रिकामं. आई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मी मुद्दाम नेलं नाही. त्यांनीच हात पुढे केला. थोडं चघळलं, विचार केला, म्हणाल्या, "खाऱ्या बांगड्यापरस वास उणोच."

नऊला जेवण.

23 नोव्हेंबर, रविवार

उरलं: गौडा 90 ग्रॅम, चेडर 60, निळं 20. ब्री आणि चक्क्याचे गोळे शून्य. फळीवर दोन तासांपेक्षा जास्त काही राहू दिलं नव्हतं, म्हणून उरलेलं परत ठेवायला हरकत नाही. गौडा पोयीत भरून तव्यावर, सकाळच्या न्याहारीला.

हिशेब: 8 तारखेची खरेदी 1,880, 20 तारखेची 2,070. फळी, कागद, पॅराफिन, थर्मामीटर मिळून 984. पेराद 300, काजू 320, गूळ 180, कांकणं 240, दही 120, केळी 80, म्हणजे 1,240. डबा आणि बर्फ 290. एकूण 6,464. पुन्हा करायचं झालं तर चीज, सोबतचं खाणं आणि बर्फ एवढंच, 3,350, माणशी 240 च्या आसपास. केळी तर त्यातूनही काढा.

फळी साबण न लावता ओल्या फडक्याने पुसली, आणि ह्यावेळी उन्हात नाही, पडवीत भिंतीला उभी करून वाळवली. सकाळी पोदेर थांबला, म्हणाला, नाताळात कांकणं हवी असतील तर आठ दिवस आधी सांगा. आई आतूनच म्हणाल्या, "वीस सांग. आनी तो निळो आनतली काय ना, विचार तिका."